शिस्त कोणी कोणाला लावायची? : विवेक छिब्बर यांच्या 'लॉक्ड इन प्लेस' या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना

भारतातील नियोजनपर्वाचे मूल्यमापन पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत बहुधा एकाच सूत्राने केले जाते. राज्यसंस्थेने अर्थव्यवहारात अवाजवी हस्तक्षेप केला, परवाने व कोटे यांच्या जंजाळात खासगी उद्योग गुदमरला आणि १९९१ मध्ये तो मोकळा झाला, असे हे सूत्र आहे. त्याच वर्गात पुढे कधीतरी दक्षिण कोरियाचे उदाहरण येते आणि मग अडचण उभी राहते. १९६१ नंतरच्या कोरियात व्यापारी बँका सरकारच्या ताब्यात होत्या, कोणत्या उद्योगाला किती आणि कोणत्या दराने कर्ज मिळावे हे सरकार ठरवीत असे आणि आयातीवर कडक निर्बंध होते. हस्तक्षेपामुळे भारत मागे राहिला असेल, तर हस्तक्षेप करूनच कोरिया पुढे कसा गेला, या प्रश्नाला पाठ्यपुस्तके सहसा बगल देतात.

समाजशास्त्रज्ञ विवेक छिब्बर यांचा 'लॉक्ड इन प्लेस' हा ग्रंथ प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे मोल या अवघड प्रश्नाला थेट भिडण्यात आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील भारत आणि १९६० च्या दशकातील कोरिया यांची तुलना करून छिब्बर एक वेगळे उत्तर देतात. त्यांच्या मते भारतीय राज्यसंस्था फार बलवान होती हे दुखणे नव्हतेच. उद्योगपतींना शिस्त लावण्याइतकी ती बलवान नव्हती, हे खरे दुखणे होते. प्रस्तुत लेखात या उत्तराची छाननी केली असून, ज्या प्रांतातून हा उद्योगपतीवर्ग प्रामुख्याने पुढे आला त्या मुंबई-महाराष्ट्राच्या अनुभवावर ते घासून पाहिले आहे.

ग्रंथाची मांडणी

कोरियाच्या यशात शिस्तीला स्थान आहे हे छिब्बर यांच्या आधीही सांगितले गेले होते. ॲलिस ॲम्सडेन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एशियाज नेक्स्ट जायंट' या ग्रंथात कोरियन राज्यसंस्थेने अनुदानाच्या मोबदल्यात उद्योगांकडून कामगिरी वसूल केली, असे दाखवून दिले होते. स्वस्त कर्ज हवे असेल तर निर्यातीचे लक्ष्य गाठावे लागे. न गाठल्यास पुढचे कर्ज धोक्यात येई. १९६४ मध्ये कोरियाची निर्यात १० कोटी डॉलर झाली, आणि १९७७ मध्ये तिने १००० कोटी डॉलरचा टप्पा गाठला. ॲम्सडेन यांनी हा व्यवहार कसा चालला ते सांगितले. तो चालू शकला का, आणि भारतात का चालू शकला नाही, हा छिब्बर यांचा प्रश्न आहे.

त्यांचे उत्तर उद्योगपतींच्या हितसंबंधांतून येते. आयात-पर्यायी औद्योगिकीकरणात परदेशी माल सीमेवरच अडवला जातो आणि देशांतर्गत बाजारपेठ मूठभर उद्योगांच्या हाती येते. अशा संरक्षित बाजारात दर्जा सुधारण्याची वा खर्च कमी करण्याची निकड उद्योजकाला भासत नाही. त्याला अनुदान हवे असते. त्यासोबत येणारी अट नको असते. म्हणून तो नियोजनाचा एक हात धरतो आणि दुसरा झटकून टाकतो. निर्यातलक्ष्यी औद्योगिकीकरणात चित्र बदलते. परकी बाजारात शिरायचे तर राज्यसंस्थेचा पतपुरवठा, माहिती आणि समन्वय यांची उद्योजकालाच गरज पडते, म्हणून तो अटीही सोसतो. १९६० च्या दशकात हलक्या उद्योगांतून बाहेर पडू पाहणाऱ्या जपानी कंपन्यांनी कोरियन उद्योजकांना तंत्र आणि विक्रीचे जाळे मिळवून दिले. १९६५ च्या जपान-कोरिया करारानंतर हा मार्ग प्रशस्त झाला. पार्क चुंग-ही यांच्या राजवटीला सहकार्य करणारा उद्योगपतीवर्ग मिळाला, तो या परिस्थितीत.

भारताच्या बाबतीत छिब्बर यांचा सर्वांत धारदार हल्ला मुंबई योजनेविषयीच्या रूढ समजुतीवर आहे. १९४४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या या योजनेवर पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, अर्देशीर दलाल, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, ए. डी. श्रॉफ आणि जॉन मथाई या आठ जणांची नावे होती. १५ वर्षांत १०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक करून दरडोई उत्पन्न दुप्पट करण्याचा संकल्प तिच्यात होता. भारतीय भांडवलदारांनी स्वखुशीने नियोजन स्वीकारले याचा पुरावा म्हणून अनेक इतिहासकारांनी ती पुढे केली आहे. छिब्बर हा पुरावा अमान्य करतात. १९४२ च्या आंदोलनाने मालमत्ताधारकांना जो धक्का बसला त्यातून ही योजना जन्मली, ती मूठभरांची होती, आणि युद्ध संपून भीती ओसरल्यावर उद्योगपतींच्या संघटना नियंत्रणाच्या प्रत्येक प्रस्तावाविरुद्ध उभ्या राहिल्या, असे ते व्यापारी संघटनांच्या कागदपत्रांच्या आधारे दाखवतात.

हा भाग ग्रंथातील सर्वांत सकस भाग होय. १९४९ मध्ये मांडलेल्या विधेयकाचे नाव उद्योग (विकास व नियंत्रण) विधेयक असे होते. १९५१ मध्ये त्याचा कायदा झाला तेव्हा 'नियंत्रण' जाऊन 'नियमन' आले. केवळ शब्दाचा हा फरक नव्हता. दोन वर्षांच्या दबावाचा ठसा त्यावर होता. १९५० च्या मार्चमध्ये स्थापन झालेला नियोजन आयोगही मंत्रिमंडळाच्या ठरावातून आला. त्याला कायद्याचा आधार नव्हता आणि मंत्रालयांवर हुकमत नव्हती. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या कोरियाच्या आर्थिक नियोजन मंडळाकडे मात्र अर्थसंकल्पाच्याही किल्ल्या होत्या. काँग्रेसने आपल्याच बाजूच्या कामगार चळवळीला आवर घालून उद्योगपतींवर दबाव आणण्याचे एकमेव साधन गमावले, हा छिब्बर यांचा निष्कर्षही दुर्लक्षिण्याजोगा नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या इंटकचा उल्लेख ते या संदर्भात करतात. मुंबईच्या वाचकाला येथे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आठवल्याशिवाय राहणार नाही. या कायद्याने एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक संघटनेला मान्यता दिली. गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली आणि १९८२ च्या संपापर्यंत, दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार उभे राहिले तरीही, ती तिच्याकडेच राहिली.

परवान्यांचा पुरावा

मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ रा. कृ. हजारी यांनी नियोजन आयोगासाठी केलेला औद्योगिक परवाना धोरणाचा अभ्यास १९६७ मध्ये पूर्ण झाला. परवाना पद्धतीविषयी त्यानंतर जे काही लिहिले गेले त्याला या अभ्यासाने दिशा दिली. मोठी उद्योगघराणी, विशेषतः बिर्ला समूह, एकाच वस्तूसाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने अर्ज करीत. परवाना मिळाल्यावर कारखाना उभारलाच जाईल असे नसे. मंजूर क्षमतेचा आकडा मात्र भरून जाई आणि नव्या अर्जदाराला नकार मिळे. परवाना हा उत्पादनाची जबाबदारी न राहता प्रतिस्पर्ध्याला दाराबाहेर ठेवणारा कागद झाला होता. दत्त समितीचा १९६९ चा अहवाल याच दिशेने गेला.

छिब्बर यांच्या मांडणीला हा पुरावा बळकटी देतो. नकार देण्याचा अधिकार शासनाकडे भरपूर होता. दिलेल्या परवान्याचा हिशेब मागण्याची यंत्रणा नव्हती. 'परवाना राज' या शब्दप्रयोगाने विद्यार्थ्यांच्या मनात जे चित्र उभे राहते त्यात शासन शिकारी आणि उद्योजक सावज असतो. हजारींच्या अभ्यासातले सावज बरेच हुशार आहे.

तथापि याच टप्प्यावर ग्रंथाची पहिली मर्यादा जाणवू लागते. शिस्त लावता आली की नाही, एवढाच प्रश्न छिब्बर विचारतात. ती कशासाठी लावली, हा प्रश्न बाजूला पडतो. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९५० च्या सुमारास भारत जगातील सुती कापडाच्या प्रमुख निर्यातदारांपैकी एक होता. निर्यातीची संधी, जुना अनुभव, प्रशिक्षित कामगार, बंदर, सर्व काही मुंबईत होते. म्हणजे छिब्बर यांच्या तर्काप्रमाणे राज्यसंस्था आणि भांडवल यांच्यात करार होण्याची शक्यता कुठे असेल, तर ती येथे. प्रत्यक्षात घडले ते उलटे. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्राम व लघुउद्योग समितीने १९५५ मध्ये गिरण्यांच्या विणकामाची क्षमता आहे तेथेच रोखावी आणि वाढत्या मागणीचा वाटा हातमागाला द्यावा, अशी शिफारस केली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत ते धोरण बनले आणि गिरण्यांच्या मागांवर मर्यादा आली.

यामागे रोजगाराचा विचार होता आणि तो पोकळ नव्हता. लाखो विणकरांचे पोट हातमागावर चालत होते. परंतु गिरण्यांना रोखल्यावर मोकळी झालेली जागा हातमागाकडे पूर्णपणे गेली नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांनी ती मोठ्या प्रमाणात व्यापली. तेथे कामगार कायदे नावापुरते होते. मुंबईच्या गिरणीमालकांनीही कापडात नवे भांडवल घालण्याऐवजी ते अन्यत्र वळवणे पसंत केले. येथे राज्यसंस्थेने भांडवलाला शिस्त लावली नाही असे म्हणता येत नाही. क्षमता गोठवण्याइतकी कडक शिस्त कोरियातही सहजी आढळणार नाही. फक्त तिच्या जोडीला उत्पादकता वाढवण्याची अट नव्हती, निर्यातीचे लक्ष्य नव्हते आणि आधुनिकीकरणासाठी पुरेसा पतपुरवठा नव्हता. राज्यसंस्थेचे बळ मोजताना तिने किती अडवले आणि किती घडवून आणले या दोन मापांची गल्लत होते. छिब्बर ती टाळतात, पण गिरण्यांच्या प्रकरणातून निघणारा पुढचा प्रश्न ते विचारत नाहीत. रोजगार आणि उत्पादकता ही दोन उद्दिष्टे एकमेकांवर आदळतात तेव्हा नियोजकाने कोणते निवडावे? चं. ना. वकील आणि प. रा. ब्रह्मानंद या मुंबईच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९५६ मध्येच महालनोबिस प्रारूपावर आक्षेप घेताना श्रमिकांच्या उपभोगाच्या वस्तूंकडे, प्रथमतः अन्नधान्याकडे, लक्ष वेधले होते. त्याच वर्षी अमेरिकेशी पी. एल. ४८० अंतर्गत धान्याचा पहिला करार झाला. अन्न आणि रोजगाराचा हा पेच छिब्बर यांच्या ग्रंथात जवळजवळ अदृश्य आहे; जणू औद्योगिक धोरण शहरातच ठरते आणि शहरातच संपते.

ग्रामीण भांडवल

ग्रंथाची दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. छिब्बर यांच्या विवेचनात राज्यसंस्था आणि भांडवलदार हे समोरासमोर बसलेले दोन पक्ष आहेत. दिल्ली आणि मोठी उद्योगघराणी यांच्यापुरते हे चित्र बरोबर असेल. पश्चिम महाराष्ट्रात मात्र औद्योगिकीकरणाची एक दुसरी वाट होती, आणि तिच्यावर हे दोन पक्ष वेगळे करणे कठीण जाते.

विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेचा हा संचालक पुढे १९६७ ते १९७१ या काळात नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष झाला, ही बाब येथे लक्षणीय ठरते. खासगी भांडवलाला शिस्त लावणे अवघड असेल तर भांडवलच शेतकऱ्यांच्या मालकीचे करावे, म्हणजे अट घालणारा आणि अट पाळणारा यांत अंतर राहणार नाही, असे या प्रयोगामागचे गृहीत म्हणता येईल. १९५१ च्या कायद्याखालील साखरेच्या परवान्यांत सहकारी कारखान्यांना प्राधान्य मिळाले. राज्य शासनाने भागभांडवलात वाटा उचलला आणि कर्जाला हमी दिली. साखर कारखाना, त्याच्याभोवती शाळा-महाविद्यालये, पतसंस्था, दूधसंघ असे जे विश्व उभे राहिले ते महाराष्ट्राच्या प्राध्यापकवर्गाला सांगण्याची गरज नाही. त्यातील अनेकांची वेतनपत्रके याच विश्वातून निघतात.

पण हमी देणारे शासन आणि हमी घेणारे संचालक मंडळ यांच्यातील सीमारेषा लवकरच पुसट झाली. कारखान्याचा अध्यक्ष आमदार असे, आमदार मंत्री होई, आणि थकीत कर्जाचा निर्णय मंत्रिमंडळापुढे येई. कारखाने आजारी पडत गेले तसतसा भार राज्य सहकारी बँकेवर गेला. २०११ च्या मे महिन्यात या बँकेचे संचालक मंडळ बरखास्त होऊन तेथे प्रशासक नेमले गेले. येथे भांडवलदारवर्गाने राज्यसंस्थेवर बाहेरून दबाव आणला असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. तो आतच होता. संघराज्यात औद्योगिक धोरणाचा मोठा भाग राज्य पातळीवर घडतो आणि तेथे जमीन, पाणी व मतदारसंघ यांच्या आधारावर उभा राहिलेला वर्ग सत्तेत असतो, हे वास्तव छिब्बर यांच्या चौकटीत बसत नाही.

कोरियाशी तुलना येथे अधिक उपयुक्त ठरली असती. १९५० मध्ये तेथे अमलात आलेल्या जमीन सुधारणेने सुमारे तीन हेक्टरवरची जमीन काढून घेऊन कुळांना दिली. जुना जमीनदार वर्ग राजकारणातून जवळपास नाहीसा झाला. पार्क यांच्या राजवटीला १९६० च्या दशकात उद्योगपतींशी सौदा करताना ग्रामीण मालमत्ताधारकांची मनधरणी करावी लागली नाही. शिस्तीच्या मुळाशी हा रिकामा झालेला पट होता, आणि छिब्बर यांच्या विवेचनात तो पार्श्वभूमीलाच राहतो.

कोरियन कामगारांविषयीही असेच म्हणावे लागेल. भारतात कामगार चळवळ दुबळी झाल्याने राज्यसंस्था दुबळी झाली, असे ग्रंथकार सांगतात; कोरियात मात्र कामगारांना दडपूनही राज्यसंस्था प्रबळ राहिली. तेथे उद्योगपतींनी स्वतःच सहकार्य केल्यामुळे कामगारांच्या दबावाची गरज पडली नाही, असा खुलासा त्यांच्या तर्कातून निघतो. तो सुसंगत आहे, पण अपुरा आहे. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये सोलच्या शिवणकामाच्या बाजारातील चोन ते-इल या तरुण कामगाराने कामगार कायदे पाळले जात नाहीत म्हणून स्वतःला जाळून घेतले. उद्योगपतींवर लादलेली निर्यातीची लक्ष्ये उद्योगपतींनी कोणावर लादली, ते या घटनेवरून कळते. भारतीय वाचकाने कोरियाच्या शिस्तीचे कौतुक करताना ती कोणाच्या अंगावर पडली हेही पाहणे आवश्यक आहे. विशेषतः आज, जेव्हा कामगार कायद्यांची शिथिलता हीच औद्योगिक धोरणाची पहिली पायरी मानली जाते.

ग्रंथ आणि वर्तमान

या मर्यादा असूनही ग्रंथ जुना झालेला नाही, उलट अलीकडच्या धोरणांमुळे त्याला नवा संदर्भ मिळाला आहे. २०२० पासून केंद्र शासनाने सुरू केलेली उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना १४ उद्योगक्षेत्रांपर्यंत विस्तारली आणि तिच्यासाठी सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. पायाभूत वर्षाच्या तुलनेत विक्री वाढली तरच प्रोत्साहन रक्कम मिळते. म्हणजे अनुदानाला कामगिरीची अट जोडली गेली. १९५१ च्या कायद्यात जे साधले नव्हते ते कागदावर तरी साधले. मात्र ही विक्री देशांतर्गतही चालते, आणि मोबाइल फोनवर २०१८ मध्ये २० टक्के आयात शुल्क लावले गेले होते, जे २०२४ मध्ये १५ टक्क्यांवर आले. संरक्षित बाजारात वाढलेली विक्री ही कामगिरी मानायची का, हा प्रश्न छिब्बर यांच्या वाचकाला लगेच सुचेल. मोबाइल फोनच्या निर्यातीत मोठी वाढ झाली हे खरे. तिचा बराचसा भाग ॲपलच्या आयफोनचा आहे, जो तमिळनाडू आणि कर्नाटकातील कारखान्यांत जोडला जातो. १९६० च्या दशकात जपानी कंपन्यांनी कोरियाला जी विक्रीव्यवस्था मिळवून दिली तिच्याशी याचे साम्य आहे. फरक असा की, कोरियात त्या व्यवस्थेचा लाभ घेऊन देशी उद्योगसमूहांनी पुढे स्वतःच्या नावाने माल विकला. भारतात तसे होईल की नाही, हे जोडणीकाम करणाऱ्या उद्योगांवर तंत्र आत्मसात करण्याची अट घातली जाते का, यावर अवलंबून राहील.

राज्यांचे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. महाराष्ट्राने सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ मध्ये आणली, ती मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग नेण्यासाठी. पुढे इतर राज्येही सवलती देऊ लागली आणि उद्योजकाला भाव करण्याची मुभा मिळाली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा अर्धसंवाहक प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेल्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला हे सर्वज्ञात आहे. किती सवलत देऊ केली होती यावर भरपूर बोलले गेले. सवलतीच्या बदल्यात काय मागितले होते यावर क्वचितच. २०२३ च्या जुलैमध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले, तेव्हा हा दुसरा प्रश्न विचारायलाही कोणी उरले नव्हते. राज्ये एकमेकांविरुद्ध बोली लावीत असताना अट घालण्याची ताकद कोणत्या राज्याकडे उरते, याचे उत्तर छिब्बर यांच्या ग्रंथात सापडणार नाही. ते १९६४ पासूनच्या शासन निर्णयांत आणि जिल्हा उद्योग केंद्रांच्या नोंदींत शोधावे लागेल : कोणत्या तालुक्यात कोणाला सवलत दिली, कारखाना किती वर्षे चालला, बंद पडल्यावर सवलत परत मागितली गेली का. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र विभागांना आपापल्या जिल्ह्यापुरते हे काम हाती घेता येण्यासारखे आहे.